मॉडिफाय केलेला ॲम्प्लिफायर दुरुस्त केल्यावरही तोच दोष पुन्हा का देतो

फिल्टर कपॅसिटर मोठे केले, आयसी बदलली, आत ब्लूटूथचं मॉड्यूल बसवलं. काही दिवस छान वाजलं, मग गुणगुण सुरू झाली, किंवा एक चॅनल जायला-यायला लागला, किंवा फ्यूज उडाला. फ्यूज बदलला, तोही उडाला. अशा सेटमध्ये जळालेला पार्ट बहुतेक वेळा बळी असतो, गुन्हेगार दुसरीकडेच बसलेला असतो. एक पार्ट बदलला की करंटचा परतीचा रस्ता बदलतो, कुठेतरी उष्णता वाढते, कुठेतरी सर्किट ऑसिलेट व्हायला लागतं, म्हणजे सिग्नल नसतानाही स्वतःच कंप पावतं. हे न पाहता जळालेला पार्ट नुसता बदलत बसलं, तर नवा पार्टही त्याच वाटेने जातो.

म्हणून मीटर हातात घ्यायच्या आधी कागद घ्या. मूळ सेटमध्ये काय होतं, काय काय बदललं, कोणत्या क्रमाने बदललं आणि दोष कोणत्या बदलानंतर दिसला, हे लिहून काढा. मूळ पार्ट जपून ठेवले असतील तर शेवटचा बदल आधी उलटवा. एका वेळी एकच. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर कशामुळे गेला ते कळत नाही, आणि तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सेट उघडण्याआधी

सिरीज लॅम्पशिवाय दुरुस्त केलेला सेट मेन्सवर लावू नका. फेज वायरच्या सिरीजमध्ये तारेचा साधा बल्ब लावायचा: लहान सेटला ४० ते ६० वॉट, मोठा ट्रान्सफॉर्मर असेल तर १०० वॉट. हॅलोजन चालतो, एलईडी बल्ब अजिबात चालत नाही. सेट चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. या वेळी स्पीकर जोडलेला नसावा. बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सिग्नल नसतानाही वाहणारा करंट) मात्र बल्ब लावून सेट करायचा नाही, कारण तेव्हा आतला व्होल्टेज कमी असतो आणि रीडिंग खोटं येतं.

बंद केल्यावर फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करायला २२० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर घ्या, त्याला इन्सुलेटेड वायर आणि क्लिपा लावून ठेवा. १०,००० मायक्रोफॅरडला यातून सुमारे ११ सेकंदांत नाममात्र चार्ज उरतो. तरी मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करण्याची सवय असेल तर सोडा, त्याने कपॅसिटरचे जोड आणि प्रिंट दोन्ही खराब होतात. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट असतात आणि स्विचिंग सप्लायच्या प्रायमरीला २३० व्होल्ट मेन्सवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी. अनुभव नसेल तर या दोन्हींत हात घालू नये.

गुणगुण: आधी सूर ओळखा

५० हर्ट्झ मेन्सवर गुणगुण दोन प्रकारची येते. ५० हर्ट्झची गोल, दबकी ‘हूंऽऽ’ असते. ती बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून, तुटलेल्या शील्डमधून किंवा अर्थच्या (जमिनीच्या जोडणीच्या) लूपमधून येते. १०० हर्ट्झची ‘झर्रऽऽ’ अशी कर्कश असते, तिच्यात वरचे हार्मोनिक मिसळलेले असतात. ती रेक्टिफायर आणि फिल्टर कपॅसिटरकडून येते. जिथे मेन्स ६० हर्ट्झ आहे तिथे हेच आकडे ६० आणि १२० समजा. फोनमधल्या स्पेक्ट्रम ॲपवर कोणती रेघ उंच आहे ते पाहता येतं, पण फोनचा माईक ५० हर्ट्झला कमजोर असतो, तेव्हा कानालाही विचारा.

मग सगळी इनपुट काढून टाका आणि इनपुट सॉकेट शॉर्ट करा. जुन्या आरसीए पिनच्या आत मधला टोक आणि ग्राउंड जोडून सोल्डर केलं की शॉर्टिंग प्लग तयार. गुणगुण गेली तर दोष बाहेर आहे: केबल, सोर्स, किंवा दोन सेटमधला अर्थ लूप. राहिली तर आत.

आता व्हॉल्यूम फिरवा. शून्यावरसुद्धा तितकीच गुणगुण असेल तर ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे आहे, म्हणजे पॉवर स्टेज किंवा सप्लाय. व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर त्याच्या मागे, प्रीॲम्पमध्ये. तिसरी शक्यता फसवी असते: दोन्ही टोकांना शांत, मध्येच कुठेतरी सगळ्यात जास्त. पॉटच्या (व्हॉल्यूम कंट्रोलच्या) वायपरचा, म्हणजे फिरणाऱ्या मधल्या पायाचा, इम्पिडन्स विद्युतदृष्ट्या मधल्या बिंदूवर सर्वाधिक असतो. ५० किलोओहमच्या पॉटला तो सुमारे साडेबारा किलोओहम. वायपरपासून निघालेली वायर शील्डेड नसेल आणि ट्रान्सफॉर्मरजवळून जात असेल, तर ती ॲन्टेनाचं काम करते. लॉग पॉटला हा बिंदू नॉबच्या मध्यावर नसतो, बराच पुढे असतो. इथे सप्लायचे कपॅसिटर कितीही बदला, फरक पडत नाही. वायर छोटी करा, शील्डेड घाला आणि पॉटचं धातूचं अंग ग्राउंडला जोडा.

कपॅसिटर मोठे केल्यावर गुणगुण वाढली

हा प्रकार इतका नेहमीचा आहे की त्याला सविस्तर जागा दिलेली बरी. ४७०० मायक्रोफॅरडच्या जागी २२,००० टाकले. हिशेबाने रिपल (डीसीवर उरलेली लाट) कमी व्हायला हवं. १ ॲम्पिअर लोडला १०० हर्ट्झवर ४७०० मायक्रोफॅरडला रिपल जास्तीत जास्त सुमारे २ व्होल्ट येतं, २२,००० ला अर्ध्या व्होल्टच्याही आत. मग झर्रर्र वाढली कशी?

कपॅसिटर मोठा झाला की तो मेन्सच्या प्रत्येक शिखरावर थोड्याच वेळात चार्ज होतो, त्यामुळे चार्जिंगचा करंट अरुंद पण उंच फटक्यांनी येतो. १ ॲम्पिअर सरासरी लोडला फटका ८-१० ॲम्पिअरचा असू शकतो. १ चौरस मिलिमीटरच्या १० सेंटीमीटर तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स सुमारे १.७ मिलिओहम. त्यातून १० ॲम्पिअरचा फटका गेला की वायरच्या दोन टोकांत १७ मिलिव्होल्टचा फरक पडतो. इनपुटचं ग्राउंड ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपवर घेतलं असेल आणि स्पीकरचं ग्राउंड कपॅसिटरवर, तर हे १७ मिलिव्होल्ट सिग्नलच्या मालिकेत बसतात. पॉवर स्टेजचा गेन (सिग्नल वाढण्याची पट) २५ धरला तर स्पीकरवर जवळजवळ अर्धा व्होल्ट झर्रर्र. छोट्या कपॅसिटरने हा दोष झाकला गेला होता, मोठ्याने तो उघडा पाडला, एवढंच.

जोडणी अशी हवी: सेंटर टॅपची वायर सरळ दोन फिल्टर कपॅसिटरच्या मधल्या जोडावर. त्या जोडापासून जाड वायरने किंवा तांब्याच्या पट्टीने ३ ते ५ सेंटीमीटरवर वेगळा स्टार पॉइंट. दोन्ही स्पीकरचं परतीचं ग्राउंड, पॉवर बोर्डाचं ग्राउंड, प्रीॲम्पचं ग्राउंड या स्टारवर वेगवेगळ्या वायरने यावं. सेंटर टॅप आणि मधला जोड यांच्या दरम्यान दुसरं काहीही टेकवायचं नाही. रेक्टिफायरपासून कपॅसिटरपर्यंतच्या तिन्ही वायरी एकत्र पीळ देऊन सोडा.

ग्राउंडची वायर हलवून पाहताना प्रत्येक वेळी सेट बंद करा. पॉवर बोर्डाचं ग्राउंड चालू असताना सुटलं तर आउटपुटला डीसी जाऊ शकतो आणि स्पीकर जागेवर जातो. चाचणीसाठी जुना, गेला तरी हरकत नाही असा स्पीकर वापरा.

मोठ्या कपॅसिटरचा दुसरा त्रास म्हणजे चालू करताक्षणी फ्यूज उडणं. रिकामा कपॅसिटर क्षणभर शॉर्टसारखाच वागतो. जास्त ॲम्पिअरचा फ्यूज घालणं हा इलाज नव्हे. सेटवर मूळ लिहिलेल्या आकड्याचाच, पण स्लो-ब्लो फ्यूज घ्या. त्यावर ‘टी’ अक्षर असतं. तरीही उडत असेल तर प्रायमरीला एनटीसी (थंड असताना सुरुवातीचा करंट अडवणारा रेझिस्टर) आणि ब्रिज रेक्टिफायर २५ किंवा ३५ ॲम्पिअरचा. कपॅसिटरचा व्होल्टेज मोजूनच ठरवा: २५-०-२५ ट्रान्सफॉर्मरवर रेल (सप्लायची डीसी लाइन) ३५ व्होल्टच्या आसपास येते, आणि लोड नसताना मेन्स थोडा चढला की ४० ओलांडते. तिथे ३५ व्होल्टचा कपॅसिटर घातला तर तो फुगणारच. ५० व्होल्ट घ्या, १०५ अंशांचा घ्या.

फ्यूज फक्त झाकण लावल्यावर उडतो का? मग टोरॉइड ट्रान्सफॉर्मरचा मधला बोल्ट पाहा. बोल्टचं वरचं टोक लोखंडी झाकणाला टेकलं आणि खालचं टोक चॅसिसला, की बोल्ट, झाकण, चॅसिस मिळून ट्रान्सफॉर्मरचा एक शॉर्ट झालेला फेरा तयार होतो. झाकण उघडून शोधलं तर दोष कधीच सापडत नाही. बोल्ट छोटा करा किंवा वरच्या बाजूला जाड इन्सुलेशन द्या.

अर्थ लूप आणि तिसरी पिन

अर्थ असलेले दोन सेट आरसीए केबलने एकमेकांना जोडले की लूप होतो. यावर ‘अर्थची पिन काढा’ असा सल्ला सर्रास मिळतो. गुणगुण जातेही. पण उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं तर चॅसिसवर मेन्स येईल आणि फ्यूज उडणार नाही. हा सल्ला मानू नका.

चॅसिस अर्थला पक्का जोडलेलाच ठेवा. स्टार पॉइंट आणि चॅसिस यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर १०० नॅनोफॅरड आणि ३५ ॲम्पिअरचा ब्रिज रेक्टिफायर. ब्रिजच्या दोन एसी पिनांपैकी एक स्टारला, दुसरी चॅसिसला. प्लस आणि मायनस एकमेकांना जोडून टाका. लूपचा लहान करंट रेझिस्टरमध्ये अडतो, फॉल्टचा मोठा करंट ब्रिजमधून अर्थला जातो. हे चालायला आरसीए सॉकेटांचं धातूचं अंग पॅनेलपासून इन्सुलेटेड हवं. नाहीतर ग्राउंड सॉकेटवरूनच चॅसिसला मिळतं आणि सगळी मेहनत वाया.

आत बसवलेलं ब्लूटूथ

गाणं थांबल्यावर बारीक किंवा टिकटिक आवाज, फोन जोडला जाताना वेगळी घरघर: हा ब्लूटूथ मॉड्यूलचा ओळखीचा आवाज. मॉड्यूल करंट झटक्यांनी ओढतं. त्याचा सप्लाय आणि ऑडिओचं ग्राउंड एकाच वायरवर असेल तर ते झटके थेट सिग्नलमध्ये येतात. सात-आठ कपॅसिटर लावून हा आवाज जात नाही, कारण दोष रिपलचा नसून सामायिक ग्राउंडचा असतो.

खात्री करायला मॉड्यूलचा सप्लाय सेटमधून तोडा आणि त्याला पॉवर बँकेवर चालवा. ऑडिओच्या वायरी तशाच ठेवा. आवाज गेला तर निदान पक्कं. आता आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा. बी०५०५एस जातीचा १ वॉटचा छोटा मॉड्यूल ५ व्होल्ट घेऊन वेगळे ५ व्होल्ट देतो, २०० मिलिॲम्पिअरपर्यंत. आउटपुटला १० मायक्रोफॅरड पुरतो. ग्राउंड आता फक्त ऑडिओ वायरीतून, एकाच ठिकाणी जुळेल. दोन्ही बाजूंची ग्राउंड चुकून जोडली, तर कन्व्हर्टर लावूनही उपयोग शून्य. लोक नेमके इथेच चुकतात. वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर हाही तितकाच चांगला उपाय, जागा असेल तर.

दोन गोष्टी आणखी. ३५ व्होल्टच्या रेलवरून सरळ ७८०५ लावू नका. ३५ ही त्या आयसीची कमाल मर्यादा आहे, शिवाय १०० मिलिॲम्पिअरला ३ वॉट उष्णता होते. हीट सिंक नसेल तर तो तापून बंद पडतो, थंड झाला की परत चालू होतो, आणि दोष ‘कधी येतो कधी जातो’ असा वाटतो. दुसरं, काही मॉड्यूलची ऑडिओ आउटपुट डिफरन्शियल असतात, प्रत्येक चॅनलला प्लस आणि मायनस. त्यातला मायनस ग्राउंडला टेकवू नका. प्लसमधून कपॅसिटर घेऊन पुढे जा आणि ग्राउंड मॉड्यूलचं वेगळं घ्या, किंवा १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावा.

हाच नियम टीपीए३११६ सारख्या क्लास-डी बोर्डांना आणि टीडीए७२९७ सारख्या आयसींना स्पीकरच्या बाजूला लागू आहे. त्यांचा स्पीकर मायनस म्हणजे ग्राउंड नव्हे. त्यावर कॉमन ग्राउंडचा हेडफोन जॅक लावला किंवा दोन्ही मायनस एकत्र केले की आयसी गेली.

आयसी बदलल्यावर आलेले दोष

टीएल०७२ किंवा एनई५५३२ काढून जास्त वेगवान आयसी लावणं हा सगळ्यांचा आवडता खेळ. आठ पायांचा सॉकेट असला तरी आधी पिनआउट पाहा: एनई५५३४ सिंगल आहे, एनई५५३२ ड्युअल, एकीच्या जागी दुसरी चालत नाही. शिवाय ५५३४ ला बाहेरचा कॉम्पेन्सेशन कपॅसिटर नसेल तर ३ पेक्षा कमी गेनवर ती स्थिर नसते. सप्लायही पाहा. एनई५५३२ ला प्लस-मायनस २२ व्होल्ट ही कमाल मर्यादा आहे. एलएम४५६२ प्लस-मायनस १७ व्होल्टपर्यंत वापरायची असते. १८ च्या रेलवर ती काही दिवस चालेलही, पण मग का गेली म्हणून नशिबाला दोष देऊ नये.

वेगवान आयसी ऑसिलेट होते तेव्हा कानाला काही स्पष्ट ऐकू येत नाही. आवाज कोरडा, चिरका वाटतो आणि आयसी बोट ठेवल्यावर अपेक्षेपेक्षा गरम लागते. ऑसिलोस्कोप असेल तर काही मेगाहर्ट्झची जाड पट्टी दिसते. टीएल०७२ ची बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झ, एलएम४५६२ ची ५५. जुन्या बोर्डाची लांब प्रिंट पहिलीला चालून गेली, दुसरीला चालत नाही. बोर्डाच्या खालच्या बाजूने, थेट ४ आणि ८ नंबर पायांवर १०० नॅनोफॅरडचा एक्स७आर सिरॅमिक लावा, पाय जितके आखूड तितकं बरं. फीडबॅक रेझिस्टरला समांतर २२ ते ४७ पिकोफॅरड. आउटपुटला सिरीजमध्ये ४७ ते १०० ओहम, म्हणजे केबलची कपॅसिटन्स आयसीला त्रास देणार नाही. एवढं करूनही थांबत नसेल तर मूळ आयसी परत लावा. माझ्या मते नीट वाजणारी एनई५५३२ ही ऑसिलेट होणाऱ्या कोणत्याही महागड्या आयसीपेक्षा चांगली.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर

पॉट जुना असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वीस-पंचवीस वेळा फिरवा, बास. पण नवा पॉट लावूनही महिन्याभरात खरखर परत येत असेल तर पॉटला दोष देणं थांबवा. पॉटवर डीसी येतोय.

इनपुट शॉर्ट करून पॉटच्या तिन्ही पायांवर डीसी मोजा. एक-दोन मिलिव्होल्ट चालतात. दहा-वीसच्या वर असेल तर दोन ठिकाणं पाहा. पहिलं, पॉटच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर: लीक झालेला किंवा उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक. कपॅसिटर बदलताना बोर्डावरच्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही बोर्डांवर प्लस छापलेला असतो, काहींवर रंगवलेला अर्धा भाग मायनस असतो. चालू सेटमध्ये दोन्ही टोकांचा डीसी मोजा आणि जास्त व्होल्टेजकडे प्लस लावा. दुसरं ठिकाण म्हणजे बदललेली आयसी. टीएल०७२ चा इनपुट करंट पिकोॲम्पिअरमध्ये असतो, एनई५५३२ चा साधारण २०० नॅनोॲम्पिअर. इनपुटला १ मेगओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावर ०.२ व्होल्ट डीसी उभा राहतो, आणि पॉट थेट त्या पायाला जोडलेला असेल तर खरखर कायमची. इथे जेफेट इनपुटची (नगण्य इनपुट करंटची) आयसीच हवी, ओपीए२१३४ चालेल. नाहीतर मधे कपॅसिटर घाला.

आउटपुट ट्रान्झिस्टर पुन्हा पुन्हा जळतात

ट्रान्झिस्टर बदलले, सिरीज लॅम्पवर ठीक, तासाभराने पुन्हा गेले. इथे चार गोष्टी क्रमाने तपासाव्या लागतात, आणि पहिली आहे बायसचा प्रीसेट (जुळवणीचा छोटा पॉट). जुन्या कार्बन प्रीसेटचा वायपर झिजून मधेच सुटतो. बऱ्याच सर्किटांत तो सुटला की बायस ट्रान्झिस्टर बंद पडतो, बायस कमालीला जातो आणि आउटपुट जोडी काही सेकंदांत लाल होते. नवा बंदिस्त मल्टिटर्न प्रीसेट लावा आणि बायस सगळ्यात कमी येईल अशा टोकाला ठेवून सुरुवात करा. ते टोक कोणतं हे सर्किट पाहून आणि मीटरने रेझिस्टन्स मोजून ठरवा, अंदाजाने नको.

बायस मोजायचा एमिटर रेझिस्टरवर. ०.२२ ओहमवर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिॲम्पिअर. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. सेट झाकण लावून अर्धा तास गरम होऊ द्या, मग पुन्हा मोजा. गरम झाल्यावर आकडा चढतच राहिला, थांबला नाही, तर बायस ट्रान्झिस्टर हीट सिंकला नीट टेकलेला नाही. हीट सिंक बदलणाऱ्यांकडून हा ट्रान्झिस्टर हमखास हवेत लटकत राहतो.

दुसरी गोष्ट मायका (ट्रान्झिस्टरखालची इन्सुलेटिंग चकती) आणि पेस्ट. कलेक्टर आणि हीट सिंक यांच्यात कंटिन्युइटी अजिबात येता कामा नये. मायकाला दोन्ही बाजूंनी पेस्टचा पातळ थर पुरतो. जाड थराने उष्णता अडते.

तिसरी, ऑसिलेशन. २एन३०५५ सारखा जुना ट्रान्झिस्टर साधारण अडीच मेगाहर्ट्झचा. २एससी५२०० हा ३० मेगाहर्ट्झचा. एकाच्या जागी दुसरा लावला, त्यात बोर्डापासून ट्रान्झिस्टरपर्यंत वीतभर वायरी, तर ऑसिलेशनला आमंत्रणच. याचा पुरावा बोर्डावरच असतो: आउटपुटजवळचा झोबेलचा (ॲम्प्लिफायर स्थिर ठेवणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटर जोडीतला) १० ओहमचा रेझिस्टर पाहा. त्याच्या सिरीजमध्ये १०० नॅनोफॅरड असतो, म्हणून गाण्याच्या सिग्नलने तो सहसा तापत नाही. तो काळा पडला असेल, पट्टे तपकिरी झाले असतील, खालचा बोर्ड भाजला असेल, तर तिथून उंच फ्रिक्वेन्सी गेली आहे. ट्रान्झिस्टर बदलण्याआधी प्रत्येक बेसला ट्रान्झिस्टरच्या अगदी पायाजवळ २.२ ते ४.७ ओहम लावा आणि वायरी आखडा. ‘आवाज स्वच्छ होतो’ म्हणून आउटपुटची कॉइल कोणी काढून टाकली असेल तर ती परत बसवा. लांब स्पीकर केबलच्या कपॅसिटन्सपासून ॲम्प्लिफायरला तीच वाचवते.

चौथी, नकली माल. २एससी५२०० आणि २एसए१९४३ ची नक्कल सर्रास मिळते. जळालेला ट्रान्झिस्टर फोडून पाहा. आतली चिप तांदळाच्या कणीएवढी निघाली तर तो मूळचा नव्हता.

शेवटी स्पीकर न लावता आउटपुटचा डीसी मोजा, थंड असताना आणि गरम झाल्यावर. ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक, १०० च्या वर गेला तर स्पीकर लावू नका. मग ८ ओहम ५० वॉटच्या रेझिस्टरवर निदान दोन तास चालवा. रेझिस्टर हीट सिंकवर बसवा, तो चांगलाच तापतो.

चॅनल जातो, येतो

हळू आवाजात एक चॅनल मंद किंवा गायब, आवाज मोठा केला की फट् करून परत येतो: हा स्पीकर रिले. कॉन्टॅक्टवर थर बसतो, लहान सिग्नल तो ओलांडू शकत नाही, मोठा ओलांडतो. पॉलिश पेपरने घासू नका. वरचा मुलामा जातो आणि दोष लवकर परततो. क्लीनरमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमध्ये धरून ओढणं हा तात्पुरता उपाय. रिले बदलणं हाच खरा इलाज: कॉइलचा व्होल्टेज तोच, कॉन्टॅक्ट तितक्याच ॲम्पिअरचे.

आवाजाच्या पातळीशी संबंध नसेल, सेट गरम झाल्यावर किंवा टेबल हलल्यावर जात असेल, तर ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला सोल्डरचा जोड. चालू सेटमध्ये लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने बोर्डावर हलकेच टोकरा, हेअर ड्रायरने एकेक भाग गरम करा. मोठ्या पायांचे पार्ट, रेग्युलेटर, कनेक्टर आणि हीट सिंकला धरलेले पार्ट यांच्या पायाभोवती केसाएवढी गोल भेग असते, भिंगाने दिसते. जुना टिन काढून नवा भरा. ६३/३७ चा टिन, बिट ३२० ते ३६० अंश. नुसता वितळवून सोडला तर जोड पुन्हा सुटतो.

मॉडिफाय केलेल्या सेटची खास भानगड वेगळीच असते. दुपदरी बोर्डावर जुना कपॅसिटर जोर लावून ओढला की भोकाच्या आतली तांब्याची नळी त्याच्या पायाबरोबर निघून येते. खालची बाजू चकचकीत सोल्डर झालेली दिसते, वरच्या बाजूच्या प्रिंटशी संबंध मात्र तुटलेला असतो, किंवा नुसता टेकून असतो. म्हणून कंटिन्युइटी पॅडवर पाहू नका. कपॅसिटरच्या पायापासून पुढच्या पार्टच्या पायापर्यंत पाहा, बोर्ड किंचित वाकवून पाहा. तुटलेली सापडली तर बारीक इन्सुलेटेड वायरने जम्पर टाका.

स्पीकरच्या बाजूने

बेस पातळ झाला असेल तर दोन्ही स्पीकरचा फेज तपासा. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावला, प्लसला प्लस, की वूफरचा कोन बाहेर यायला हवा. दोन्ही बाजूंना सारखाच. ट्वीटरवर ही चाचणी करू नका.

क्रॉसओव्हरमधला (वूफर-ट्वीटरला आवाज वाटून देणाऱ्या सर्किटमधला) ४.७ मायक्रोफॅरडचा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक काढून फिल्म लावल्यावर ट्वीटर टोचायला लागला, ही तक्रार नेहमीची. फिल्मचा आतला रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो, जुन्या इलेक्ट्रोलिटिकचा अर्धा ते एक ओहम, आणि डिझाइन करणाऱ्याने तो बहुधा हिशेबात धरलेला असतो. कपॅसिटर परत बदलू नका. ट्वीटरच्या सिरीजमध्ये ०.५ ओहमचा ५ वॉट रेझिस्टर लावून ऐका, कमी वाटला तर १ ओहम.